मृत्यूची चौकशी : मोगलाईच्या सरहद्दीवरून

गोदावरीच्या दक्षिणेस, गेवराईहून शेवगावकडे जाणाऱ्या वाटेवर उमापूर हे गाव आहे. आज ते बीड जिल्ह्यात मोडते; परंतु १९४८ पर्यंत ते निजामाच्या राज्यात, म्हणजे लोकांच्या बोलीत मोगलाईत होते, आणि पश्चिमेला काही कोसांवर सुरू होणारा शेवगाव तालुका मात्र अहमदनगर जिल्ह्याचा, म्हणून इंग्रजी मुलखातला होता. सरहद्दीच्या अलीकडे आणि पलीकडे पाऊस एकच, बाजरी आणि कापूस एकच, सोयरिकीही एकमेकांतल्याच; पण अलीकडच्या विहिरीत कोणी बुडून मेला तर त्याची खबर अखेर ज्या वरिष्ठ कचेरीत पोहोचे तिचे दप्तर उर्दूत चाले, आणि पलीकडच्या विहिरीत मेला तर ती मुंबई सरकारच्या कायद्याने बांधलेल्या दप्तरात जाई. मृत्यूच्या सरकारी चौकशीचा इतिहास ज्याला पाहावयाचा आहे, त्याला ह्या सरहद्दीइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल. कारण दोन राज्ये आणि दोन कायदे इतके शेजारी नांदत असताही मृतदेहाजवळ उभे राहून दोघांनी विचारलेला प्रश्न मात्र एकच होता, आणि तो अपुरा होता, असे माझे निश्चित मत आहे.

ह्या मृत्यूचा दोष कोणाकडे जातो, एवढेच दोन्ही सरकारांना जाणून घ्यावयाचे होते. हा मृत्यू टळला असता काय, आणि असाच दुसरा टळावा म्हणून कोणी काय करावयाचे, हे विचारण्याची जबाबदारी त्यांनी कोणावरही सोपविली नाही. आणि राज्ये गेली, भाषा बदलली, कायद्यांची कलमे तीनदा नव्याने लिहिली गेली, तरी ती जबाबदारी आजतागायत बेवारसच राहिली आहे.

जुन्या अमदानीत गावच्या बंदोबस्ताचा भार पाटलावर असे, आणि वादाचा किंवा संशयाचा प्रसंग उद्भवला म्हणजे गोत व पांढरी, म्हणजे भाऊबंद आणि गावकरी, जमवून महजर करण्याची, म्हणजे जमलेल्यांच्या साक्षीने वस्तुस्थिती कागदावर उतरविण्याची चाल होती. हैदराबाद संस्थानात दिवाण पहिल्या सालारजंगाने १८६५ साली जिलाबंदी, म्हणजे मुलखाची जिल्ह्यांत विभागणी, केली, तेव्हा ह्या जुन्या ग्रामव्यवस्थेवर नव्या अधिकाऱ्यांची उतरंड बसविली गेली : जिल्ह्यास अव्वल तालुकदार, तालुक्यास तहसीलदार, पोलिसांचा मोहतमीम आणि ठाण्यावर अमीन. गावात वसुलीचे काम माली पाटलाकडे, फौजदारीचे पोलीस पाटलाकडे आणि लेखणी पटवाऱ्याकडे, अशी वाटणी होती. पलीकडे इंग्रजी मुलखात मुंबई ग्रामपोलीस कायदा १८६७ साली झाला. गावात कोणी आकस्मिक किंवा अनैसर्गिक रीतीने मेला, अथवा प्रेत आढळले, तर पोलीस पाटलाने गावातले दोन किंवा अधिक जाणते इसम जमवून मृत्यूचे कारण व परिस्थिती तपासावी आणि तिचा लेखी अहवाल वर पाठवावा, असे कर्तव्य त्या कायद्याने त्याच्यावर घातले. शास्त्राचा गंध नसलेल्या त्या काळी हे कर्तव्य लहान नव्हते. मेलेल्या माणसाची दखल सरकारने घेतलीच पाहिजे, हे तत्त्व त्यात होते, आणि त्याबद्दल आपण कृतज्ञ राहिले पाहिजे.

परंतु सरकार ही दखल कशासाठी घेत होते, हे विसरता येत नाही. इंग्लंडात कॉरोनर हा अधिकारी ११९४ साली नेमला गेला, तो मुळात राजाच्या उत्पन्नाचे हक्क सांभाळण्यासाठी. ज्या वस्तूमुळे मृत्यू घडला, मग ती गाडी असो वा बैल, ती किंवा तिची किंमत दंड म्हणून घेण्याची चाल तेथे शतकानुशतके टिकली. आगगाड्यांच्या अपघातांत हा दंड कंपन्यांना जड होऊ लागला, तेव्हा १८४६ साली तो रद्द झाला. मृत्यूची चौकशी ही तिथेही प्रथम खजिन्याची चाकरी होती, मग न्यायालयाची झाली. जिवंतांची सेवा ती फार उशिरा झाली.

आमच्या मोगलाईला सर्वस्वी मागास समजण्याची जी सवय पडली आहे तिला छेद देणारी एक हकीकत ह्या ठिकाणी सांगितली पाहिजे. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात शस्त्रक्रियेसाठी क्लोरोफॉर्म दिलेले रोगी मधूनच मेजावर दगावत, आणि ते कशाने दगावतात ह्याविषयी युरोपातल्या वैद्यांत कडाक्याचा वाद होता. हैदराबादच्या रेसिडेन्सीचे शल्यवैद्य एडवर्ड लॉरी ह्यांच्या पुढाकाराने आणि निजाम सरकारच्या खर्चाने १८८८ व १८८९ साली दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. पहिल्यावर टीका झाली म्हणून दुसऱ्यासाठी लंडनच्या ‘लॅन्सेट’च्या मध्यस्थीने वैद्य लॉडर ब्रंटन ह्यांना समुद्रापार बोलावण्यात आले, आणि निजामाने त्याचाही खर्च सोसला. मृत्यू श्वास थांबल्याने येतो, हृदय त्यास कारण नाही, असा निष्कर्ष त्या आयोगाने काढला. तो निष्कर्ष चुकीचा होता. १९११ साली संशोधक लेव्ही ह्यांनी प्रयोगांनी दाखवून दिले की क्लोरोफॉर्मने हृदयाचीच लय एकाएकी बिघडू शकते. तरीही ह्या आयोगाचे मोल कमी होत नाही. प्रयोग छापले गेले, पुरावा सर्वांपुढे मांडला गेला, म्हणूनच दुसऱ्याला त्यातली चूक शोधता आली आणि चुकीतूनही ज्ञान पुढे गेले. जी चौकशी कपाटात बंद होते ती बरोबर असली तरी निरुपयोगी, आणि चुकीची असली तर कायमची चुकीची. ज्या राजधानीत हे घडले, तिच्याच अमलाखालच्या खेड्यांत साप, विहीर आणि बाळंतपण ह्यांनी माणसे मरत होती. त्यांच्यासाठी मात्र असा आयोग कधी बसला नाही.

मुंबई शहरात आणखी एक, तिसरी पद्धत होती. १८७१ च्या कायद्याखाली तेथे कॉरोनर असे. अपघात, आत्महत्या, खून, कारण न समजलेला आकस्मिक मृत्यू आणि तुरुंगातला मृत्यू ह्यांची चौकशी तो पोलिसांहून स्वतंत्रपणे, शपथेवर साक्षी घेऊन करी. हे पद १९९९ साली रद्द झाले, आणि तेव्हापासून सर्व महाराष्ट्र एका पद्धतीखाली आला. कॉरोनरच्या कामात दोष होतेच, पोलिसांच्या तपासाशी त्याची पुनरुक्तीही होई. परंतु ते पद काढताना त्यातला जो सार होता, म्हणजे ज्याला आरोपी धरावयाचा नाही अशा माणसाने केलेली स्वतंत्र चौकशी, तो दुसरीकडे कोठे रुजविण्याचा विचार झाला नाही.

उमापूर हैदराबाद संस्थानातून भारतात आले. १९५१ साली फौजदारी प्रक्रिया संहिता त्या भागाला लागू झाली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. १९६२ च्या कायद्याने वतनी पाटीलकी संपविली. आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस कायद्याने, जुन्या कायद्यास बरोबर शंभर वर्षे होत असता, नेमणुकीचा पोलीस पाटील आला. तेव्हापासून एखादा माणूस विहिरीत सापडला, कालव्यात वाहून आला, विजेच्या तारेला चिकटला, साप चावून गेला किंवा विषारी औषध पोटात जाऊन मेला, की जे घडते ते सर्वांना माहीत आहे. पोलीस पाटील ठाण्याला खबर देतो. अकस्मात मृत्यूची नोंद होते, तिला क्रमांक पडतो. जमादार येतात, दोन पंच बोलावले जातात, आणि मयताचे वय, बांधा, अंगावरचे कपडे, जखमा, प्रेताचे तोंड कोणत्या दिशेस, हे सर्व मरणोत्तर पंचनाम्यात लिहिले जाते. प्रेत शवविच्छेदनास जाते. संशय असला तर व्हिसेरा राखून प्रयोगशाळेकडे पाठवितात. नातलगांचे जबाब होतात. आणि कोणावर संशय नाही असे ठरले म्हणजे कागद दप्तरदाखल होतो.

ह्या प्रक्रियेवर मी दोष ठेवू इच्छीत नाही. ती तिच्या हेतूला धरूनच चालते. १९७३ च्या संहितेच्या १७४ व्या कलमाने पोलिसांकडून मागितले ते मृत्यूचे दिसून येणारे कारण, आणि ह्या तपासाची व्याप्ती तेवढीच आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली पेद्दा नारायण खटल्यात स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत हे कलम १९४ वे झाले. अहवाल चोवीस तासांत दंडाधिकाऱ्याकडे पाठविण्याची मुदत त्यात आली, परंतु प्रश्न तोच राहिला. कायदा प्रश्न बदलू शकतो, हे मात्र खोटे नाही. विवाहानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीचा आत्महत्येने किंवा संशयास्पद स्थितीत मृत्यू झाला तर शवविच्छेदन झालेच पाहिजे, ही तरतूद १९८३ साली आली, ती स्त्रियांच्या चळवळीने हे मृत्यू नुसते घरगुती अपघात मानण्यास नकार दिला म्हणून. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करावी, ही तरतूदही पुढे अशाच आग्रहाने आली. ज्या मृत्यूंच्या पाठीशी आवाज उभा राहिला त्यांचा प्रश्न बदलला. विहिरीत पडलेल्या पोराचा प्रश्न तेथेच राहिला.

मृत्यू मोजून आणि त्यांची कारणे शोधून मृत्यू टाळता येतात, ह्याचा पुरावा आपल्याच इतिहासात आहे. १८७६ ते १८७८ च्या भयंकर दुष्काळानंतर रिचर्ड स्ट्रेची ह्यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८८० साली अहवाल दिला आणि त्यातून दुष्काळी संहिता निर्माण झाली. माणसे धान्य नाही म्हणून मरतात त्याहून धान्य विकत घेण्याची ऐपत नाही म्हणून मरतात, हे ओळखून काम देणे हे सरकारचे कर्तव्य ठरले. तिचा अंमल पुष्कळदा कठोर आणि कंजूष झाला, आणि पुढच्या दुष्काळांत माणसे मेलीच; तथापि १९७२ सालचा दुष्काळ मराठवाड्यावर कोसळला तेव्हा लाखो हात खडी फोडण्याच्या आणि पाझर तलावांच्या कामावर होते, आणि त्यातूनच रोजगार हमीचा कायदा आला, त्याचे मूळ ह्या आयोगाच्या मोजदादीत आहे.

मराठवाड्याच्याच एका सुपुत्राचे उदाहरण ह्याहून जवळचे आहे. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, मरत, आणि ते नशिबाचे मरण समजले जाई. बावस्करांनी दंश झालेल्यांच्या उशाशी बसून लक्षणे टिपली, मृत्यू हृदय निकामी होऊन आणि फुप्फुसांत पाणी भरून येतो हे ओळखले, आणि प्राझोसिन हे रक्तदाबावरचे स्वस्त औषध त्यावर वापरले. ज्या दंशाने दाखल झालेल्यांपैकी सुमारे चाळीस टक्के दगावत, ते प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आले. ह्या कार्यात त्यांनी कोणाला दोषी ठरविले नाही. हे कसे घडले, हा प्रश्न त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही, इतकेच.

सर्पदंशाची कथा उलट बाजूने हेच सांगते. रुग्णालयांच्या आकड्यांवरून देशात सर्पदंशाचे मृत्यू वर्षाला एकदोन हजार दिसत. मेलेल्यांच्या घरी जाऊन नातलगांना मृत्यूची हकीकत विचारणाऱ्या ‘दहा लाख मृत्यूंच्या अभ्यासा’ने २०११ साली दाखविले की खरा आकडा वर्षाला सुमारे ४६ हजारांच्या घरात असावा, त्यांतील ९७ टक्के मृत्यू ग्रामीण भागातले, आणि रुग्णालयात झालेले जेमतेम चौथा हिस्सा. म्हणजे इतकी माणसे सरकारच्या नजरेआड मरत होती, आणि त्यांपैकी कित्येकांचा पंचनामा झालेला असूनही नजरेआड मरत होती. सर्पदंश हा नोंद करण्याजोगा रोग मानावा, असे केंद्राने राज्यांना कळविले ते २०२४ च्या नोव्हेंबरात.

मातांच्या मृत्यूच्या बाबतीत मात्र प्रश्न खरोखरच बदलला आहे. २०१० पासून प्रत्येक मातामृत्यूची खबर आशा कार्यकर्तीकडून वर जावी, घरी जाऊन चौकशी व्हावी, आणि जिल्हाधिकाऱ्यांपुढे त्याचा आढावा व्हावा, असा शिरस्ता पडला. त्या चौकशीत गुन्हेगार शोधावयाचा नसतो. निर्णय घेण्यास उशीर झाला, पोहोचण्यास झाला, की पोहोचल्यावर उपचारास, हे शोधावयाचे असते. २००१ ते २००३ ह्या काळात महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ माता दगावत. २०१८ ते २०२० ह्या काळात ३३. हे सर्व श्रेय आढाव्याचे नव्हे, रस्ते, रुग्णवाहिका आणि दवाखान्यातली बाळंतपणे ह्यांचे ते आहेच. पण रुग्णवाहिका कोठे हवी, हे सांगणारी डोळस मोजदाद त्यामागे होती. बाळंतिणीच्या मृत्यूला जो न्याय मिळाला, तो तिच्या शेतकरी नवऱ्याच्या मृत्यूला का मिळू नये?

हे विचारतो, कारण बीड जिल्ह्यात ह्या विषयावर लिहून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरून डोळे फिरविता येत नाहीत. विभागीय आयुक्तालयाच्या नोंदींप्रमाणे २०२३ साली मराठवाड्यात १,०८८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी २६९ एकट्या बीड जिल्ह्यात, आणि विभागात तोच आकडा सर्वांत मोठा. अशा प्रत्येक मृत्यूची चौकशी दुहेरी होते : पोलिसांची वेगळी, महसूल खात्याची वेगळी. २००५ च्या डिसेंबरातील शासननिर्णयाने वारसांना एक लाख रुपयांचे साहाय्य ठरविले, आणि ते द्यावे की नाही हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती पाहते : जमीन नावावर होती काय, कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे होते काय, ते थकले होते काय, वसुलीचा तगादा होता काय. उत्तरे जुळली तर प्रकरण पात्र, न जुळली तर अपात्र. ह्या कसोटीत नात्यागोत्याकडून घेतलेले हातउसने बसत नाही, खंडाने केलेली शेती बसत नाही, आणि सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई सहसा बसत नाही. सरकारी मदतीस निकष हवेत, हे मी मान्य करतो. परंतु तलाठी, कृषी सहायक, तहसीलदार, पोलीस, जिल्हाधिकारी इतक्या सर्वांनी एका मृत्यूकडे पाहून त्यातून एकच निर्णय निघावा, आणि तो एक लाख रुपयांविषयी असावा, हे मला शोकास्पद वाटते. विमा वेळेवर का मिळाला नाही, पीककर्जाचे नूतनीकरण कोठे अडले, ह्या माणसाच्या मनाची अवस्था कोणाच्याही ध्यानात का आली नाही, एवढे घातक विष कुलपाविना घरात का होते, हे प्रश्न त्या अर्जाच्या नमुन्यात नाहीत म्हणून विचारलेच जात नाहीत.

शेवटचा प्रश्न क्षुल्लक नाही. श्रीलंकेत १९९५ च्या सुमारास आत्महत्यांचे प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी एक होते. मृत्यूंच्या नोंदी पाहून तेथल्या सरकारने अत्यंत घातक कीटकनाशके एकामागून एक बंद केली, आणि पुढच्या दोन दशकांत ते प्रमाण दोनतृतीयांशांहून अधिक घटले. संकटाच्या त्या घटकेला घातक विष हाताशी नसेल तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक पुढे जगतात. आपल्याकडेही १९५८ साली केरळात विषारी औषधाने दूषित झालेले धान्यपीठ खाऊन शंभराहून अधिक माणसे मेली, न्यायमूर्ती जे. सी. शहा ह्यांचा आयोग बसला, आणि त्यातूनच पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. सामुदायिक मृत्यूने आयोग बसतो. एकेकट्याने मेलेल्यांची बेरीज कितीही मोठी झाली तरी तिच्यासाठी कोणी बसत नाही, हीच आपल्या पद्धतीची उणीव आहे.

ऊसतोडीच्या बाबतीत तर बेरीज करणेही अवघड. दिवाळीच्या सुमारास ह्या जिल्ह्यातून लक्षावधी माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कोयता घेऊन जातात. तेथे ट्रॅक्टरची जुगाड उलटून किंवा विहिरीत पाय घसरून कोणी मेला, तर पंचनामा त्या हद्दीतल्या ठाण्यात होतो, आणि गावाकडे येते ते फक्त प्रेत. दहा ठाण्यांत विखुरलेले दहा मृत्यू एकाच कारणाचे होते, हे कोणत्याही एका टेबलावर दिसत नाही.

इंग्लंडात आज कॉरोनरला २००९ च्या कायद्याने एक नवे कर्तव्य लाभले आहे : चौकशीत असे दिसले की हे कारण कायम राहिल्यास आणखी माणसे मरतील, तर ज्याच्या हाती उपाय आहे त्या खात्याला, रुग्णालयाला किंवा कंपनीला त्याने लेखी कळवावयाचे, आणि त्याने छप्पन्न दिवसांत लेखी उत्तर द्यावयाचे; अहवाल आणि उत्तर दोन्ही लोकांपुढे प्रसिद्ध होतात. तेथेही उत्तरात दिलेले आश्वासन पाळले गेले की नाही हे पाहणारा कोणी नाही, अशी तक्रार आहे; म्हणून त्याची नक्कल न करता त्यातले तत्त्व घ्यावे.

ते तत्त्व आपल्या मातीत रुजविण्यास नवे पद किंवा नवी इमारत नको. मरणोत्तर पंचनाम्याच्या नमुन्यात एक रकाना वाढवावा : असा मृत्यू पुन्हा घडू नये म्हणून काय व्हावयास हवे, आणि ते कोणाच्या अखत्यारीत आहे. विहिरीला कठडा नसेल तर ग्रामपंचायत किंवा मालक. तार लोंबकळत असेल तर वीज कंपनी. आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचे प्रतिविष नसेल तर जिल्हा आरोग्य अधिकारी. कालव्याला पायऱ्या वा दोर नसतील तर पाटबंधारे खाते. मातामृत्यूचा आढावा घेणाऱ्या समितीच्याच धर्तीवर जिल्ह्यातल्या अकस्मात मृत्यूंचा तिमाही आढावा व्हावा; शवविच्छेदन करणारा वैद्य, पोलीस, कृषी, वीज आणि आरोग्य ही खाती तेथे एकत्र बसावीत; परजिल्ह्यात मेलेल्या मजुराचा कागद त्याच्या तालुक्याकडे परत यावा; ज्या खात्यास कळविले त्याने मुदतीत लेखी जबाब द्यावा, आणि मृताचे नाव वगळून तो जबाब ग्रामसभेत वाचला जावा. ह्या चौकशीत दिलेला जबाब कोणावर फिर्याद करण्यासाठी वापरता येणार नाही, अशी हमीही कायद्याने द्यावी. कारण शिक्षेची भीती असेल तेथे सत्य सांगितले जात नाही, आणि गुन्हा असेल तेथे त्यासाठी पोलिसांचा तपास वेगळा आहेच.

ह्यावर कोणी म्हणेल की कागद वाढतील आणि जीव वाचणार नाहीत. कागद तर आजही होतातच. त्यांना उत्तर देण्याचे बंधन कोणावर नाही, एवढाच काय तो फरक. पोलीस पाटलाने, पंचांनी आणि वैद्याने आपापले काम करून जे सत्य लिहून ठेवले आहे ते शासनाच्या मालकीचे नसून त्या गावाचे आहे, आणि शासनाने त्याचा जाब दिला पाहिजे. महाराष्ट्र विधिमंडळाने ह्यासाठी एक लहानसा कायदा करावा आणि त्याची सुरुवात बीडसारख्या जिल्ह्यातून करावी, ही मागणी मी ह्या लेखाच्या निमित्ताने पूर्ण गांभीर्याने करीत आहे.